बसायला कारण लागतं

‘दिवसभर कुठं असता, आजी?’

‘दवाखान्यात.’

‘का? बरं नाही का?’

‘मला काय धाड भरलीया? चांगली हाय की!’

आमच्या वरच्या खोलीत राहणारी मुलगी पेन तसंच धरून माझ्याकडं बघायला लागली. तिच्या फॉर्मवर ‘दिवसाचे वास्तव्य’ असा रकाना होता आणि त्याखाली रस्ता, कामाचे ठिकाण, मंदिर, निवारा केंद्र, इतर असे चौकोन. दवाखान्यात असणारं माणूस म्हणजे आजारी माणूस, एवढंच फॉर्म बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं. तिनं ‘इतर’वर खूण केली आणि पुढं बारीक अक्षरात ‘रुग्णालय’ लिहिलं. आजींनी मग आपण होऊनच मांडीवरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून दुसरी पिशवी काढली, तिच्यातून चार घड्यांचा केसपेपर. घडीवर कागद इतका मऊ पडलेला की जुन्या लुगड्याचा तुकडा वाटावा. निळा शिक्का पुसट झालेला, तारीख गणपतीच्या आसपासची. ‘ह्यो हातात असला की वॉचमन काय म्हणत न्हाई,’ आजी म्हणाल्या, आणि कागद होता तसा घडी घालून परत आत ठेवला. मग कोवळ्या उन्हात भिंतीला पाठ टेकून ओपीडीची खिडकी उघडायची वाट बघत बसल्या. केसपेपर काढायला नव्हे, बाकड्यावर जागा धरायला.

मुलगी चंदगडकडची. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, म्हणजे एमएसडब्ल्यूच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. थंडीच्या दिवसांत, दिवसा, घर नसलेली माणसं शहरात कुठं आसरा शोधतात असा तिच्या प्रकल्पाचा विषय. एकटीनं अनोळखी लोकांशी बोलायला जायचं तिला अवघड वाटायचं म्हणून ‘काकू, चला की’ करत मला न्यायची. मलाही शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळी नवापर्यंत करायला फारसं काही नसतं. विषय ऐकून आमच्याकडं सगळ्यात आधी हसूच आलं. कोल्हापूरला कसली आलीय थंडी! पहाटे पारा तेरा-चौदावर उतरला की आपल्याकडं पेपरात ‘हुडहुडी’ छापून येते, आणि दुपारी बारा वाजता त्याच स्वेटरची बाही कमरेला बांधून माणसं कोल्ड्रिंक पितात. पंचगंगेवर धुकं, गावाबाहेर गुऱ्हाळांचा गोडसर धूर, गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्यांची गर्दी. आमच्या लेखी थंडी म्हणजे एवढंच, मजेची गोष्ट. त्यात दिवसा निवारा कशाला हवा, हा प्रश्न तिच्या मार्गदर्शकांनीही विचारला होता म्हणे.

त्याचं उत्तर एका हमालानं दिलं. स्टँडच्या बाजूला, शटर बंद असलेल्या दुकानाच्या पायरीवर सकाळी साडेदहाला चादर तोंडावर घेऊन झोपला होता. आमच्या बोलण्यानं जागा झाला, चिडला, मग चहा आला तसा बोलता झाला. ‘रात्री झोपतंय कोण? रात्री हलत राहायचं.’ पुठ्ठा खाली घातला तरी फरशी अंगातली ऊब ओढून घेते, पोटात काही नसलं तर ती पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. दोन-अडीचनंतर खोकी पेटवून त्याच्याभोवती बसायचं, खोकी संपली की स्टँडला चक्कर मारायची, आणि ऊन आलं की पडायचं. दारू घेतली की गरम वाटतं, पण ती फसवी ऊब. कातडीकडं रक्त धावतं आणि अंगातली उष्णता बाहेर निघून जाते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तो म्हणाला, ‘पिऊन झोपलेला गडी सकाळी उठंलच असं न्हाई.’

म्हणजे हिवाळ्यात या लोकांची रात्र जागायची आणि दिवस झोपायचा. दिवसाचा निवारा म्हणजे त्यांच्यासाठी झोपायची जागा. आणि दिवसाढवळ्या रस्त्यावर झोपलेल्या माणसाबद्दल आपण काय बोलतो ते मी इथं लिहीत नाही. पायरीवरच्या त्या हमालाकडं बघून जाताजाता एक जण बोललाच. जे बोलला ते मीही लहानपणापासून घरात ऐकत आलेय.

त्या हिवाळ्यात मला शहर वेगळंच दिसायला लागलं. कुठल्या भिंतीवर ऊन किती वाजता येतं, कुठल्या इमारतीची सावली कधी सरकते, हे बसणाऱ्यांना तोंडपाठ असतं. ‘नऊपस्तोर हितं, मग त्या पिंपळाखाली, दुपारी दोनला परत हिकडं.’ दिवसभरात माणसं उन्हाबरोबर सरकत असतात, हळूहळू, सामानासकट. आपल्याकडं उन्हाच्या तिरिपेचा एवढा हिशेब फक्त अंबाबाईच्या देवळात होतो. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि जानेवारीच्या ३१ तारखेपासून फेब्रुवारीच्या २ पर्यंत, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या पायांशी, कमरेशी, चेहऱ्यापर्यंत कशी पोचली याच्या बातम्या येतात, नाही पोचली तर कुठल्या बांधकामानं अडवली याची चर्चा होते. किरणोत्सवाला मीही हात जोडून उभी राहिलेय. आता तिथं उभं राहिलं की त्या हमालाची पायरी डोळ्यांपुढं येते. मार्चमध्ये त्या पायरीवर ऊन येतं का, हे मी मुद्दाम जाऊन बघितलं नाही.

कागदावर बघायला गेलं तर या सगळ्याची सोय आहे. दिल्लीत थंडीनं माणसं मरायला लागली तेव्हा २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्र निवाऱ्यांचा प्रश्न हातात घेतला. पुढं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्यांची योजना आली. एक लाख लोकसंख्येमागं एक कायमस्वरूपी निवारा, तोही चोवीस तास, बारा महिने उघडा. माणशी साधारण पन्नास चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेपाच लाखांच्या घरात होतं, त्या हिशेबानं पाच तरी हवेत. मुलीनं हे सगळं प्रकरण दोनमध्ये नीट लिहिलंय. आम्ही गेलो तो निवारा चांगला होता. फरशी पुसलेली, गाद्यांच्या वळकट्या ओळीत, कोपऱ्यात पाण्याचा फिल्टर. सकाळी अकराला तिथं कोण होतं? पायाला प्लास्टर घातलेला एक जण आणि दोन खूप म्हातारी माणसं. बाकीचे बाहेर. व्यवस्थापक भला माणूस होता, म्हणाला, ‘दार उघडंच असतंय की, बसा म्हटलं तरी बसत नाहीत.’

आजींना आम्ही तेच विचारलं. त्याही रात्री अधूनमधून निवाऱ्यात झोपायला जायच्या. मग दिवसा का नाही? त्यांनी मुलीकडं अशा नजरेनं बघितलं की एवढं शिकून पोरीला काहीच कसं कळत नाही.

‘तितं बसलं की बेवारस दिसतंय. हितं बसलं की पेशंटचं माणूस दिसतंय.’

मुलीनं हे वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. फॉर्मवर नाही, वहीत.

त्यानंतर जिथं जावं तिथं मला कारणं दिसायला लागली. स्टँडवर बसायचं तर पिशवी लागते. पिशवी असली की माणूस प्रवासी. पिशवी नसली की तासाभरात कुणीतरी ‘कुठं जायचंय?’ विचारतं. देवळात बसायचं तर हात जोडून, डोळे मिटून. हॉटेलात चहाच्या कपाएवढा वेळ, आणि कप तर किती छोटे झालेत. बागेत दुपारी कुलूप. बँकेच्या एटीएमपाशी नुसतं उभं राहिलं तरी संशय. मोबाईल कानाला लावला तर मात्र कुठंही तासभर रेंगाळता येतं, पण त्यासाठी मोबाईल हवा. शहरात फुकट बसता येतं अशी आपली समजूत असते कारण आपल्या अंगावर कारण घातलेलंच असतं: इस्त्रीचे कपडे, पायांत चप्पल, घरी जायची घाई.

कोल्हापूरकर यावर लगेच म्हणणार, आमच्याकडं कट्टा आहे की! आहेच. तालमीचा कट्टा, दूधकट्टा, पेठेतल्या मंडळाचा कट्टा, रंकाळ्याची भिंत. विनाकारण बसण्याची कला या गावानं जपलीय याचा मलाही अभिमान आहे. पण कट्ट्यावर बसायला आधी पेठेतलं असावं लागतं. ‘कुणाचा रे तू?’ याला उत्तर असावं लागतं. आणि बाई असून चालत नाही. साठ वर्षांत मी कुठल्याही कट्ट्यावर बसलेली नाही. पुरुषाला निदान पायरी मिळते, बाईनं पायरीवर अंग टाकलं तर काय होईल हे तिला कुणी सांगावं लागत नाही. फॉर्म भरून दिलेल्या बायांपैकी बहुतेक जणी देऊळ नाहीतर दवाखाना याच दोन जागा सांगत होत्या. दोन्हीकडं दुसऱ्या बाया असतात, पाणी असतं, आणि चालू असेल तर संडासही असतो. या शेवटच्या गोष्टीबद्दल मुलीच्या फॉर्ममध्ये प्रश्नच नव्हता. बायांनी तो आपणहून घातला. एकजण म्हणाली, ती दुपारनंतर पाणीच पीत नाही.

आजींचं आणखी एक वाक्य आहे, ते मी घरात सांगितलं तेव्हा कुणाला आवडलं नाही. बोलता बोलता पुराचा विषय निघाला. २०१९ चा. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकलेली, निम्म्या शहरात पाणी, शाळा आणि मंगल कार्यालयं माणसांनी भरलेली. मीही आमच्या गल्लीतल्या बायांबरोबर पोळ्या लाटून पाठवत होते. ट्रकच्या ट्रक भरून मदत येत होती, बिस्किटांचे पुडे पायाखाली येत होते. आजींना एका शाळेत ठेवलं होतं. त्या आठवणीनं त्यांचा चेहरा खुलला.

‘म्हापुरात लई बरं हुतं.’

जेवण दोन वेळचं, अंगावर नवं ब्लँकेट, दिवसभर वर्गात बसलं तरी कुणी काही विचारत नव्हतं. डॉक्टर स्वतः येऊन तपासायचे. शेजारी मोठ्या घरच्या बाया, त्यांच्याशी गप्पा. मग पाणी उतरलं, लोक घरं धुवायला गेले, शाळा भरायची होती. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा त्या स्वतःच्या पायांनी शाळेत गेल्या, कुणी बोलवायच्या आधी. लोकांचे संसार वाहून जात असताना असं कुणाला वाटावं याचा मला आधी रागच आला होता. आता येत नाही, पण ते वाक्य कानाला अजून बोचतं.

मुलीचा आणि तिच्या सरांचा वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. संदर्भासाठी तिनं परदेशातलं बरंच वाचलं होतं. ब्रिटनमध्ये २०२२ च्या हिवाळ्यात, युक्रेन युद्धानंतर गॅस आणि विजेची बिलं इतकी वाढली की सरासरी घराचं वर्षाचं बिल अडीच हजार पौंडांच्या आसपास राहावं म्हणून सरकारला मधे पडावं लागलं. तेव्हा तिथली वाचनालयं, चर्चं, समाजमंदिरं दिवसा ‘उबदार जागा’ म्हणून उघडी ठेवली गेली. या, बसा, चहा घ्या, पेपर वाचा. तिथं घरातलं तापमान निदान अठरा अंश असावं असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. आपल्याकडं अठराला आपण पंखा एकवर ठेवतो, पण तिकडच्या ओल्या थंडीत बंद हीटरच्या घरात बसून राहणं म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. वयाबरोबर अंग ऊब कमी तयार करतं आणि थंडी वाजतेय हेही उशिरा कळतं. तर मुलीला त्यात नवल वाटलं ते हे की, या जागांवर येणाऱ्या कितीतरी लोकांना घर होतं. दार, कुलूप, पलंग, सगळं होतं. दिवसा त्या घरात राहणं तेवढं परवडत नव्हतं. म्हणून तिनं ठरवलं की आपणही फक्त बेघरांनाच नाही, दिवसा बाहेर बसलेल्या सगळ्याच म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. सर म्हणाले, विषय पसरतोय, नमुना बिघडेल, पहिला प्रश्नच ‘स्वतःचे घर आहे का’ असा ठेव आणि ‘होय’ म्हणणाऱ्यांना तिथंच धन्यवाद दे.

सरांचं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. दोन महिन्यांत एका पोरीनं किती करायचं? पण त्या पहिल्या प्रश्नाशीच माझे वडील अडतात.

वडील एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाले तेव्हा आम्ही शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत सात माणसं. खोल्या उत्तरेकडच्या, जुन्या दगडी भिंतींच्या, हिवाळ्यात सकाळी फरशीवर पाय ठेववत नसे. आई स्वयंपाकाला लागली की तिला आतली खोली लागे, वहिनीला बाळाला न्हाऊ घालायला बाहेरची. वडिलांनी कधी तक्रार केली नाही. आठ वाजता आंघोळ, पांढरा सदरा, कोट, मफलर, हातात कापडी पिशवी, आणि बाहेर. पिशवीत काय असायचं? चष्म्याचं घर, एक पेन्सिल आणि घडी घातलेली रिकामी पिशवी. आधी घाटाच्या बाजूला उन्हात तासभर, मग करवीर नगर वाचन मंदिर. १८५० सालचं वाचनालय, आमच्या घरापेक्षा जुनं आणि कितीतरी ऐसपैस. तिथं सगळी वर्तमानपत्रं, अग्रलेखापासून निविदांच्या जाहिरातींपर्यंत. एकला जेवायला घरी, दोनला परत बाहेर, दिवेलागणीला घरी. आम्ही मुलं कौतुकानं सांगायचो, आमच्या अण्णांना वाचनाचा केवढा नाद! नाद होताच. पण उन्हाळ्यात, दादाचं बिऱ्हाड वेगळं झालं आणि बाहेरची खोली रिकामी झाली, तेव्हा त्यांचं वाचनालय आठवड्यातून दोनदावर आलं. मे महिन्यात दुपारी ते दारात खुर्ची टाकून पेंगत बसायचे, मांडीवर पेपर. हे दोन्ही मी पाहिलेलं आहे. एकापुढं एक ठेवून कधी बघितलं नव्हतं.

आईला हे सगळं तेव्हाच कळत होतं का, कोण जाणे. ती त्यांना पिशवी मात्र रोज हातात द्यायची. विसरले तर मागून दारापर्यंत यायची.

मी हे मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘काकू, मग तुमच्या वडिलांचं उत्तर मी कुठं घालू?’ मी म्हटलं, कुठंच नको, सर रागावतील. तिनं शेवटी मधला मार्ग काढला. घराचा प्रश्न पहिला होता तो उचलून सर्वांत शेवटी टाकला. म्हणजे घर असलेला माणूसही तोवर सगळं बोलून गेलेला असतो, आणि सरांच्या नियमाप्रमाणं त्याचा फॉर्म बाजूला काढून ठेवता येतो. असे बाजूला काढलेले फॉर्म तिच्याकडं एका वेगळ्या फाईलमध्ये साठलेत. प्रबंधात ते येणार नाहीत. शिफारशींमध्ये तिनं लिहिलंय ते असं: दिवसा आडवं व्हायला परवानगी, सामान ठेवायला कुलपाची पेटी, बायांसाठी पाणी असलेला संडास, आणि दारावर ‘बेघर’ शब्द नसलेली पाटी. पाटीवर दुसरं काय लिहायचं यावर आमचा बराच काथ्याकूट झाला. ती म्हणाली ‘विसावा’, मी म्हटलं त्या नावाची निम्मी लॉजं आहेत. पाटीच नको, यावर येऊन थांबलो. मग प्रश्न आला, पाटी नसेल तर मंजुरी कोण देणार.

परवा ती विचारत होती, अण्णांनी हा फॉर्म भरून दिला असता का. मला नाही वाटत. त्यांनी आधी तो सबंध वाचला असता, ‘वास्तव्य’मधला ‘व्य’ नीट उमटलेला नाही म्हणून पेन्सिलीनं खूण केली असती, दोन ठिकाणी अनुस्वार काढून टाकले असते, आणि ‘घाईत आहे, वाचनालय उघडायची वेळ झाली’ म्हणून कागद तिच्या हातात परत दिला असता.